हवेत उलटे फिरणे म्हणजेच जिम्नॅस्टिक्स नव्हे

गेल्या महिन्यात एका गुणगौरव समारंभात प्रमुख पाहुण्यांनी माझ्या मुलीला व्यासपीठावर सर्वांसमक्ष सांगितले, "जिम्नॅस्टिक्स करतेस ना, मग एक सॉमरसॉल्ट मारून दाखव." ती म्हणाली, "सर, मी रिदमिक करते, आमच्यात सॉमरसॉल्ट नसतो." "म्हणजे रिबन घेऊन नाच!" असे पाहुणे म्हणाले आणि सभागृह हसले. ती १४ वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून सराव करते आणि सध्या रोज चार तास करते. घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. त्या दिवसापासून हे लिहायचे मनात होते.

तिने दिलेले उत्तर नियमाला धरून होते. रिदमिक म्हणजे रिबनसारखे साधन हातात घेऊन संगीतावर करायचे जिम्नॅस्टिक्स, त्यात हवेत पूर्ण उलटे फिरण्यास मान्यता नाही. उडी, तोल आणि गिरकी या शरीराच्या हालचाली आणि त्याच वेळी हातातील साधनावरचा ताबा, यांची तिथे परीक्षा असते. सॉमरसॉल्ट आला की जिम्नॅस्टिक्स आले, हा समज आर्टिस्टिक, म्हणजे बसवलेल्या साधनांवर आणि फ्लोअरवर कसरती करण्याच्या, प्रकारामुळे रुजला आहे. २०१६ साली रिओमध्ये दीपा कर्माकरने व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायच्या उडीत) अत्यंत अवघड अशा प्रोदुनोव्हा उडीसह दोन उड्यांच्या सरासरीने १५.०६६ गुण मिळवले आणि कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले, त्या रात्री आमच्या घरीही कोणी झोपले नव्हते. दीपाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु व्हॉल्ट हे महिलांच्या चार साधनांपैकी केवळ एक. असमान उंचीचे बार, बीम (तोल साधत कसरती करायची अरुंद तुळई) आणि फ्लोअर ही उरलेली तीन, आणि त्यांतील बीमची रुंदी फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या लहान पट्टीच्या लांबीपेक्षाही कमी. पुरुषांची साधने सहा असून रिंग्जवर, म्हणजे टांगलेल्या कड्यांवर, हात आडवे पसरून देह स्थिर धरणाऱ्याला जी ताकद लागते, तिचा बीमवरच्या मुलीच्या कौशल्याशी फारसा संबंध नसतो. एकाच प्रकाराच्या पोटात इतके वेगळेपण आहे.

आता ज्याला नाच म्हटले गेले, त्याविषयी. कनिष्ठ गटाची रिबन ५ मीटर लांब असते, वरिष्ठ गटाची ६ मीटर. मुलगी स्पर्धेच्या आदल्या रात्री ती रिबन मंद इस्त्रीने स्वतः सरळ करते, कारण एक सुरकुती राहिली तरी वलये नीट उमटत नाहीत. रिबनला गाठ पडली की गुण जातात, टोक जमिनीवर निपचित पडले की जातात, साधन १३ मीटरच्या चौकोनाबाहेर गेले तरी जातात. वाऱ्याच्या झुळकीने रिबन भरकटते म्हणून मे महिन्यातही आमच्या हॉलमधले पंखे बंद असतात. त्या उकाड्यात ती रिबनची काठी उंच फेकते, खाली दोन गिरक्या घेते आणि मागे न पाहता पाठीमागे हात करून काठी झेलते. दीड मिनिटाच्या त्या रचनेत तिला कोठेही दम घ्यायला उसंत नसते.

रिदमिक १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकमध्ये आले आणि २००० साली सिडनीत ट्रॅम्पोलिन, म्हणजे ताणलेल्या, उसळी देणाऱ्या जाळीवरच्या कसरती. ट्रॅम्पोलिनवर सलग दहा कसरती करायच्या असतात आणि खेळाडू किती वेळ हवेत राहिला, त्याचेही गुण मिळतात. त्यासाठी उंच छत हवे, जे आपल्याकडील बहुतेक व्यायामशाळांत मिळत नाही. एकमेकांच्या खांद्या-तळव्यांवर मनोरे रचणारे अ‍ॅक्रोबॅटिक, संगीताच्या वेगवान तालावरचे एरोबिक आणि अगदी अलीकडे, २०१८ साली, आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने सामावून घेतलेले पार्कोर (अडथळ्यांवरून धावत, उड्या मारत जाणे) हे प्रकारही आहेत, पण ते अद्याप ऑलिंपिकमध्ये नाहीत.

मला सर्वांत अधिक खटकते ते असे, की ज्याला आपण परकी चैन समजतो, त्यातील एक साधन मूळचे आपल्याच आखाड्यातले आहे. रिदमिकमधील क्लब्जची, म्हणजे बाटलीच्या आकाराच्या दोन दांड्यांची, जोडी पाहिली की मला शाळेच्या कवायतीतील 'करेल' ही लाकडी मुद्गलासारखी साधने आठवतात. हिंदुस्थानातील मुद्गल आणि जोडी इंग्रज सैन्यामार्फत युरोपच्या व्यायामशाळांत पोहोचली, १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धाही झाली. पेशवेकाळातील व्यायामगुरू बाळंभटदादा देवधरांच्या मल्लखांबाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने तरी शरीराच्या कसबाला नाच म्हणून हसू नये. आणि नाचाला तरी कमी का लेखावे, हाही प्रश्न मला पडतो.

शाळांकडे माझी विनंती एवढीच आहे, की क्रीडा स्पर्धांच्या अर्जावर 'जिम्नॅस्टिक्स' हा एकच रकाना ठेवू नका, पुढे प्रकार लिहिण्यास जागा द्या आणि सत्कार करताना तो प्रकार वाचून दाखवा. पालकांनीही मुलीला कोणत्या वर्गात घालतो आहोत, हे प्रशिक्षकांना आधी विचारावे. लवचीक मूल रिदमिकमध्ये रमते आणि दणकट, उसळत्या मुलाला व्हॉल्ट खुणावतो.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये सराव-सामने आहेत, प्रवेश सर्वांना खुला आहे. पंखे बंद असतील, म्हणून पाण्याची बाटली सोबत आणावी.