मस्टरवरचा अंगठा

आमच्या चुलत दादाने गावाकडे, माण तालुक्यात, वंशावळ छापायला घेतलीये. हेळवी, म्हणजे पिढ्यांची नावं सांगणारा, येऊन नावं वाचून गेला, मोडी वाचणारा शोधला, सगळं झकास चाललं होतं. मी एवढंच म्हटलं की आजीच्या नावापुढे "७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली" असं लिहा. झालं, ग्रुपवर नुसता धुरळा. "असलं काय छापायचं, पोरींची लग्नं जमवायचीत अजून," काका म्हणाले. "तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नको," दादा. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच ग्रुपवर लाडकी बहीणचे पंधराशे घेणाऱ्या बायकांना फुकट्या म्हणणारा फॉरवर्ड, त्यावर ह्याच मंडळींचे अंगठे. तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये.

इथे वेल्समध्ये, कार्मार्थनला माझ्या शेजारच्या बाई, वय ऐंशीच्या पुढे, गेली दोन वर्षं आपल्या खापरपणजीला शोधतायत. मी गाडी चालवते म्हणून अ‍ॅबरिस्टविथच्या लायब्ररीत त्यांच्याबरोबर जाते, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल न्यायची. ती खापरपणजी कुणी मोठी नव्हती हो, पॅरिशच्या, म्हणजे गरिबांना पोसायची जबाबदारी असलेल्या चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, पैशावर जगलेली होती. पण म्हणूनच सापडली. जमीनदारांच्या वंशावळी असतात, मोलकरणीचं नाव कागदावर येतं ते बहुतेकदा तिच्यावर कुणाचे तरी पैसे खर्च होतात तेव्हा. पॅरिशच्या जुन्या हिशोबात बघा, अमक्या विधवेला बुटांचा जोड, तमकीला फ्लॅनेल, कुणाचं घरभाडं, कुणाची शवपेटी, पौंड शिलिंग पेन्समध्ये. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, इव्हान्स ह्यापलीकडे आडनावं कमी, एकाच नावाची चार माणसं एका गावात, तरी बाई बोट ठेवून एकेक ओळ वाचतात.

सापडला तो १८२० च्या दशकातला एक हुकूम. अर्धा छापील, मधल्या जागा शाईने भरलेल्या. लग्न न झालेली, पोटुशी, हिला हिच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवा. कारण तेव्हाच्या कायद्याने अनौरस मूल जिथे जन्मेल तिथल्या पॅरिशवर त्याचा भार, म्हणून बाळ व्हायच्या आत बाईला हद्दीबाहेर काढायची घाई. जबानीचा कागदही होता. ती बोलली असणार वेल्शमध्ये, कारकुनाने लिहिलं इंग्रजीत, आणि खाली सहीच्या जागी फुली. जाड, वाकडी, एका टोकाला शाई फुटलेली. बाई त्या फुलीकडे बघत बसल्या आणि मला आजीचा दुष्काळी कामाच्या मस्टरवरचा, हजेरीचा अंगठा आठवला.

१८३४ च्या गरिबांच्या मदतीबद्दलच्या नव्या कायद्यानंतर तर असल्या पोराचा भार आईवरच टाकला, बापाला जवळजवळ मोकळं सोडलं आणि धडधाकट माणसाला मदत हवी तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे काम करून राहायच्या गरिबांच्या कोठीत, या म्हटलं. तिथे पुरुषांना खडी फोडायला लावायचे, हो, खडीच. लोक चिडले. १९ जून १८४३ ला इथल्याच वर्कहाउसवर जमाव घुसला, घोडदळ आलं तेव्हा पांगला. वेल्समधल्याच रेयडरसारख्या ठिकाणी तर १८७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वर्कहाउस बांधूच दिलं नाही.

दादा म्हणेल, स्टॅन्लेबद्दल छापतात की. सेंट असाफच्या वर्कहाउसमध्ये १८४७ ला सहा वर्षांचा पोरगा ठेवला होता, तो पुढे आफ्रिकेत जाऊन नाव काढलेला स्टॅन्ले. बरोबर, पण मोठा झाला म्हणूनच छापायचं का? आजी मोठी नाही झाली, पण दुष्काळात तिने आणलेल्या सुकडीच्या भुकटीवर आणि लाल मिलो ज्वारीवर दादाचे वडील आणि माझे वडील दोघं जगले. शेजारच्या बाईंनी त्या हुकुमाची प्रत फ्रेम करून केटलच्या वर लावलीये, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात. इथली माणसं ह्या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळी आहेत, मला तसंच वाटतं, राग आला तर येऊदे.

पण मी पण काय वेगळी. माझ्या पहिल्या व्हिसावर लिहिलेलं होतं की सरकारी मदतीवर हक्क नाही. नोकरी गेली, मुलगी दोन वर्षांची होती, आणि सहा आठवडे मी चर्चच्या फूड बँकेतून पिशवी आणत होते. पास्ता, बेक्ड बीन्स, टिनमधले टोमॅटो. त्या रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, मजेत आहोत, आज पनीर केलं. बारा वर्षं झाली, घरात कुणाला माहीत नाही. तो हुकूम वाचताना, हिला हद्दीबाहेर काढा, माझे हात गार पडले होते ते उगाच नाही. आता पासपोर्ट इथला आहे तरी पोस्टातून सरकारी ब्राउन पाकीट आलं की पोटात गोळा येतो, आणि माणला गेलं की म्हणतात पाहुणी आली.

दादा, आजीची ओळ घालच. आणि माझ्या नावापुढे "कार्मार्थन, यूके" एवढंच लिहिलंयस ना, त्याच्यापुढे सहा आठवड्यांच्या त्या पिशव्या पण लिही, आईला मी आज रात्री फोन करून सांगते.