कूलरची सर्दी

सगळ्यात आधी हे मनाशी पक्कं करून टाका, की तुम्हाला जे काही झालंय ते कूलरमुळे झालंय.

नागपुरात मार्च संपता संपता गच्चीवरचा कूलर खाली उतरतो, टाकीतला गाळ निघतो, टिल्लू पंप चालतो की नाही ते पाहिलं जातं आणि वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात. त्यामुळे एप्रिलमधल्या कुठल्याही दुखण्यासाठी आपल्याकडे आरोपी आयता हजर असतो. घसा धरला? रात्रभर कूलर फुल्लवर होता. अंग मोडून आलं? पलंग कूलरच्या समोर होता. वास येईनासा झाला? नव्या ताट्यांचा वाळा नाकात बसलाय, उतरेल. या निदानाला फी पडत नाही, आणि मुख्य म्हणजे ते ऐकून समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकत नाही. पुढची साथ हिवाळ्यात आली तर जरा पंचाईत आहे. पण ‘कूलर धुऊन गच्चीवर चढवताना थंड पाण्यात हात घातले होते’ हे कारण मी आत्तापासून राखून ठेवलं आहे. लागलं तर तुम्हीही घ्या.

हे सगळं लिहून ठेवायचं कारण एवढंच, की मागच्या खेपेला, कोरोनाच्या साथीत, आपण जे कमावलं ते आता विसरायला लागलोय. चाळिशीच्या लोकांना आठवत नाही, पोरांना कोणी सांगत नाही. उद्या अचानक गरज पडली तर ऐनवेळी सुचायचं नाही.

तर दुसरी गोष्ट, टेस्ट करू नका. याचं शास्त्र मला आमच्या चौकातल्या पानठेल्यावर कळलं. ठेल्यापुढे उभ्या एका भाऊंनी दुसऱ्याला समजावलं, ‘टेस्ट केली म्हणूनच तं निघाला ना बे तू पॉझिटिव्ह! नसती केली, तं निघाला असता काय?’ यावर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेकडे उत्तर नाही. घरातल्या कोणाला फारच ताप चढला, तर ‘टायफाइड’ म्हणा. टायफाइड हा सज्जन माणसांचा आजार आहे. तो झाला की लोक मोसंबी घेऊन भेटायला येतात. कोरोना म्हटलं की येतात ते फक्त गेटबाहेरून घराचा फोटो काढायला.

यात लाजण्यासारखं काही नाही, परंपराच आहे आपली. मार्च २०२० मध्ये सरकारने जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. तेव्हाही लोक आजारी माणूस माळ्यावर, कोठीत लपवत होते. कायदा तोच, मग आपण तरी कशाला बदलायचं?

आता अंतराचं. देशभर ‘दो गज की दूरी’ म्हणत होते. आपल्या शहरात झिरो माईलचा दगड आहे, आणि आपण त्या दगडाचा मान राखतो. अंतर म्हणजे झिरो. कॉटन मार्केटमध्ये सांभार (म्हणजे तुमची कोथिंबीर) घेताना, इतवारीत किराणा घेताना, बँकेच्या रांगेत, पुढच्याच्या शर्टाचं लेबल वाचता आलं पाहिजे इतकं जवळ उभं राहा. दुकानदाराने चुन्याने गोल आखले असतील तर त्या गोलात पिशवी ठेवा आणि स्वतः पुढे जाऊन भाव विचारा. लॉकडाऊन जाहीर झाला की घरात बसू नका. लॉकडाऊन कसा आहे ते पाहायला कोणीतरी बाहेर पडलंच पाहिजे, नाहीतर तो लागला हे कळणार कसं? मार्च २०२१ मध्ये १५ ते २१ तारखेचा लॉकडाऊन आधीच जाहीर झाला होता. ते चारेक दिवस आपण बाजारात किती निष्ठेने घालवले, आठवतं ना? पुढचा आठवडाभर गर्दी करता येणार नाही म्हणून ती आगाऊ करून घेतली.

मास्कबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पण एक कोडं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडची पोरगी स्कूटी काढते तेव्हा डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा असा गुंडाळते की सख्खी आई सिग्नलवर शेजारी उभी असली तरी ओळखणार नाही. पुरुष मंडळी ओला रुमाल कानावरून घेऊन नाकातोंडावर आवळतात. अशा अवस्थेत आपण वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत जातो, आणि वर कांदा खिशात ठेवतो. पण त्याच तोंडावर चार बोटांची निळी चिंधी लावली की लगेच आपला श्वास कोंडतो, डोकं दुखतं, कार्बन डायऑक्साइड मेंदूत चढतो. तेव्हा मास्क हनुवटीवरच ठेवा. महापालिकेचं उपद्रव शोध पथक दिसलं की वर ओढा. दंड ५०० रुपये होता. तेवढ्यासाठी दोन सेकंद श्वास कोंडला तर चालतो.

हनुवटीवर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते अस्सल नागपुरी आहे. खर्रा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू, चुना एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घालतात आणि ती पन्नी फळीवर दाबून दाबून घोटतात, आतला ऐवज ओलसर, एकजीव होईपर्यंत. मग पन्नीला रबर लावून ती खिशात जाते. खर्रा एकट्याने खायचा नसतो. पन्नी उघडली की आधी समोरच्यापुढे धरायची. तो चिमूट घेतो, तिसरा घेतो, मग आपण, मग पन्नी परत पहिल्याकडे. ज्या बोटांनी तोंडात टाकलं तीच पुन्हा पन्नीत जातात. लॉकडाऊनमध्ये ठेले बंद होते तेव्हा खर्रा कुठे बंद पडला? शटरला खालून वीतभर फट असायची. त्या फटीतून नोट आत जायची आणि पन्नी बाहेर यायची. भाव दुप्पट-तिप्पट. मी स्वतः पाहिलंय, आमच्या लेआउटमधल्या एका गृहस्थांनी फटीतून आलेल्या पन्नीला बाहेरून नीट सॅनिटायझर चोळलं, वाळू दिलं, मग उघडून चौघांपुढे धरली. चौघांनी चिमूट घेतली. पिचकारी मात्र प्रत्येकाने स्वतंत्र टाकली, कोणी कोणाची वापरली नाही. याला म्हणतात काळजी.

गरमीवर विश्वास ठेवा. बाहेरचे लोक घाबरतात कारण त्यांच्याकडे ऊन नाही. ‘आपल्या इथं विषाणू टिकतच नाही भाऊ, छेचाळीस डिग्रीत माणूस टिकत नाही तं तो काय टिकन?’ मे २०२० मध्ये पारा ४६ अंशांच्या वर गेला तेव्हा हे वाक्य आपण फार अभिमानाने म्हटलं. पुढे एप्रिल २०२१ च्या त्याच उन्हात एका एका दिवसात सात हजारांवर रुग्ण निघाले, घाटांवर लाकडं कमी पडली, ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमहून आणावे लागले. पण म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही. विषाणू मरतच होता, माणसं त्याच्या आधी मरत होती इतकंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल. रोग नेहमी तिकडचा असतो.

शहरातला पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. तो अमेरिकेहून परतला होता, म्हणजे रोग विमानाने आला. आपण ताबडतोब भांडेवाली बाई बंद केली. पेपरवाल्याला गेटबाहेर थांबवलं. भाजीच्या बंडीवाल्याला नाव, गाव आणि आधार कार्ड विचारलं, आणि त्याच्याकडून घेतलेली वांगी खायच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली. अमेरिकेतल्या मुलांशी आपण रोज व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, त्यात काही धोका नव्हता.

एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुऱ्याच्या गल्ल्यांना टिनाचे पत्रे लागले तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं होतं! रोगाला पत्ता मिळाला होता. धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत लोक नकाशा उघडून अंतर मोजत होते, ‘आपल्यापासून सात किलोमीटर आहे, रेल्वे लाइनच्या पलीकडे.’ जणू रोगालाही मधल्या पुलाखालून वाट काढावी लागणार होती. सप्टेंबर येईपर्यंत पत्रे आपल्याच लेआउटमध्ये ठोकले गेले, तेव्हा मात्र आपण म्हणालो, महापालिका उगाच लोकांना बदनाम करते.

खरं तर हे सगळं आपल्याला मारबतीनं फार पूर्वी शिकवलंय. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात, आणि अख्खा महाल-इतवारी ओरडतो, ‘ईडा, पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!’ कुठे घेऊन जा? ते कोणी विचारत नाही. आपल्या वेशीबाहेर. पलीकडे कोण राहतं, ते त्यांचं ते पाहतील. २०२० साली रोगराई खरोखर दारात होती, आणि नेमकी त्याच वर्षी मारबतीची ती गर्दीची मिरवणूक नेहमीसारखी निघाली नाही. मग ते काम आपल्यालाच हाती घ्यावं लागलं, घरोघरी, तोंडी.

यंत्रांचा उपयोग कसा करावा हेही सांगतो. ऑक्सिमीटर घेतला असेल तर तो पेशंटसाठी नसतो, पाहुण्यांसाठी असतो. चहाआधी सगळ्यांची बोटं तपासा. ‘माझं ९९’, ‘माझं ९८ च, पण मी जिना चढून आलो ना.’ आणि कधी ९१ दिसलं तर घाबरून दवाखान्यात पळू नका. बोट बदला. दहा बोटं आहेत, एखाद्याचं तरी ९५ येतंच. तेवढंच लिहून ठेवा. छातीच्या सिटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी असतो. तो कमी आला तर नातेवाइकांना सांगा, जास्त आला तर मशीन बिघडलेलं होतं म्हणा. होमिओपॅथीच्या आर्सेनिकम अल्बमच्या चार गोळ्या आणि दालचिनी-मिऱ्याचा काढा दोन्ही घ्या. काढ्याने पोटात आग पडली की समजा प्रतिकारशक्ती तयार होतेय.

इंजेक्शन कुठलं, हे डॉक्टरला ठरवू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं की रेमडेसिव्हिर नेहमीचं म्हणून वापरू नका. त्यानंतर पाच महिन्यांनी आपण त्याच एका कुपीसाठी रात्र रात्र मेडिकल स्टोअरपुढे उभे होतो आणि प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य होतं, ‘कोणाची ओळख आहे का?’ त्या रांगेतल्या लोकांवर हसायची माझी हिंमत नाही, सोडून देऊ.

लशीचं तंत्र सोपं आहे. मिळत असते तेव्हा घ्यायची नाही. जानेवारी २०२१ मध्ये ती डॉक्टर-नर्सना मिळू लागली तेव्हा आपण म्हणालो, ‘आधी त्यांना काय होते पाहू.’ मे महिन्यात अठराच्या पुढच्यांना खुली झाली आणि स्लॉट मिळेना, तेव्हा ती एकदम अमृत झाली. मग शहरातली पोरं काटोल, उमरेड, सावनेरच्या आरोग्य केंद्रांपर्यंत गाड्या घेऊन गेली. तिथे गावातले लोक झाडाखाली बसून पाहत होते, ‘आधी याइले काय होते ते पाहू.’

शेवटी माझंच सांगतो. एप्रिल २०२१, तिसऱ्या आठवड्यात मला कूलर लागला. चांगलाच लागला. बायकोने सावजी रस्सा केला होता. झणका इतका की शेजारच्यांनी खिडकी लावली, आणि मला ताटात गरम पाणी वाढल्यासारखं वाटत होतं. मी दोनदा मीठ मागून घेतलं. बायको काही बोलली नाही. नऊ दिवस मी वरच्या खोलीत कूलर बंद करून कूलरच्या सर्दीने पडलो होतो. कोणी विचारलं तर मी गावी गेलो होतो.

समोरच्या काकू मात्र रोज दुपारी कंपाउंडच्या भिंतीवर डबा ठेवून जायच्या. मुगाची खिचडी, कधी ताकाची कढी. बायको म्हणायची, ‘काही नाही हो काकू, कूलर बाधला जरासा.’ काकू म्हणायच्या, ‘हो गं, यंदा कूलरची साथच आहे.’ रिकामा डबा आम्ही घासून परत त्याच भिंतीवर ठेवायचो. तो घासायला दुसरं कोणी नव्हतं. भांडेवाली बंद केली होती.

दहा-बारा दिवसांनी समोरच्या काकांना कूलर लागला. त्यांच्याकडे एसी आहे.

ते अठरा दिवस दवाखान्यात होते. परत आले तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता. जूनमध्ये एका संध्याकाळी गेटवर खुर्ची टाकून बसले होते, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला. मला हाक मारली. मी अंतर ठेवून उभा राहिलो, त्या दिवशी पहिल्यांदाच. त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘तुमच्या कूलरची पाठ आमच्या खिडकीकडे आहे, नाही का? तिकडूनच हवा येत असेल.’

दुसऱ्या दिवशी मी माणूस बोलावून कूलर उचलला आणि मागच्या खिडकीत बसवला. त्या बाजूला नवीन भाडेकरू आलेत. त्यांच्याशी अजून ओळख झालेली नाही.