परदेशातून किट मागवावं का? एका ठाणेकर वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार घोडबंदरकर दादा,

रिमोटच्या गाड्यांची किट, म्हणजे सुट्या भागांतून घरी बांधायच्या गाड्या, परदेशी दुकानांतून कशी मागवावीत, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत. तितकंच सविस्तर उत्तर द्यायला हवं, म्हणून ते स्वतंत्र लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात देते: "ताई, आठवीतल्या चिरंजीवांसाठी किट मागवायला बसलो. किट, पोस्टेज आणि कस्टम धरून आकडा काढला आणि लॅपटॉप मिटून ठेवला. तेवढ्या पैशांत इथे रिमोट-बॅटरीसकट दोन तयार गाड्या येतात. परदेशी दुकानदार पार्सलच्या कागदावर गिफ्ट लिहून किंमत कमी टाकायला तयार असताना तुम्ही पूर्ण किंमत लिहायला का सांगता? आणि इथल्या दुकानदारांनी काय घोडं मारलंय? छंद तुम्ही उगाच श्रीमंतांचा करून ठेवताय."

आकड्यापासून सुरुवात करू. तुम्ही किटची किंमत आणि तयार गाडीची किंमत शेजारी शेजारी ठेवलीत. मी त्यात आणखी एक रकाना घालते: पहिल्यांदा मोडल्यावर काय? कारण गाडी मोडणार, हे नक्की. आठवीतला मुलगा ती पार्किंगमधल्या खांबाला, फुटपाथच्या कडेला, कुणाच्या तरी स्कूटरला धडकवणारच, आणि धडकवलीच पाहिजे, त्याशिवाय हात बसत नाही.

माझ्या भाच्याची गाडी नेरुळला आमच्या सोसायटीच्या गेटवर अशीच आपटली. पुढचं उजवं चाक लोंबकळायला लागलं. चाक काढलं तर आतला नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो प्लास्टिकचा तुकडा, स्क्रूच्या भोकापाशी दुभंगलेला. भाच्याने मॅन्युअल उघडलं. चित्रात त्या तुकड्याला एक अक्षर आणि एक आकडा दिलेला होता. त्या अक्षराची फ्रेम, म्हणजे अनेक प्लास्टिकचे तुकडे एकत्र जोडलेली चौकट, मागच्या पानावरच्या यादीत शोधली, तिथे पाच आकडी पार्ट नंबर मिळाला. तो नंबर जपानमधल्या दुकानाच्या शोधपट्टीत टाकला आणि भाग समोर आला. शिवाय हे भाग सुटे येत नाहीत, अख्खी फ्रेम येते. त्यामुळे डावा-उजवा दोन्ही नकल आणि सोबत पुढे लागतील असे चार तुकडे घरात आले. दुरुस्ती भाच्याने स्वतः केली, मी फक्त शेजारी बसले होते.

तुम्ही म्हणता त्या तयार गाड्यांपैकी बहुतेकांच्या खोक्यावर कंपनीचं धड नावही नसतं. त्यांचा नकल मोडला की गाडी माळ्यावर जाते. कुकर घेताना आपण त्याची रिंग आणि शिट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते का ते बघतो. इथेही तेच बघायचं. म्हणून किट चांगलं आणि तयार गाडी वाईट असं मी कधीच म्हटलेलं नाही. अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीच्या गाड्या तयार येतात आणि त्यांच्या बारीकसारीक भागालाही नंबर असतो. डब्ल्यूएल टॉइजसारख्या स्वस्त चिनी गाड्यांचेही सुटे भाग निघतात. फक्त २४ नोव्हेंबर २०२० ला सरकारने अलीएक्सप्रेस बंद केलं, तेव्हा ते भाग थेट मागवण्याची अनेकांची सवयीची वाट बंद झाली. ज्यांच्याकडे त्या गाड्या होत्या त्यांना गाडी असून भाग नाही म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

तामियाचं नाव मी सारखं घेते ते याच कारणाने. जपानमधल्या शिझुओकाची ही किट बनवणारी कंपनी. तिची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी, पोर्शे ९३४, १९७६ सालची. हॉर्नेट नावाची बग्गी १९८४ मध्ये आली आणि २००४ मध्ये कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. ज्याने लहानपणी हॉर्नेट चालवली त्याला आज आपल्या मुलासाठी तीच बांधता येते, आणि तिचा गिअर मोडला तर तोही मिळतो. वस्तूवर खर्च केलेला पैसा इतकी वर्षं कामाला येत असेल, तर मी तो महाग मानत नाही.

आता इथल्या दुकानदारांबद्दल. हा तुमचा सगळ्यात रास्त मुद्दा, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. परदेशातून सगळंच मागवायचं हे माझ्या मनातही नाही. किटच्या खोक्यात सहसा रिमोट, रिसिव्हर (रिमोटचा संदेश घेणारा गाडीतला भाग), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी आणि चार्जर नसतात. लोकांना हा तोटा वाटतो, मला तो आपल्या सोयीचा वाटतो, कारण नेमक्या याच वस्तू बाहेरून आणणं त्रासाचं. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. रिमोट असलेलं पार्सल वायरलेसच्या परवानगीच्या प्रश्नावरून अडकू शकतं. रंगाचे स्प्रे कॅन विमानाने पोस्टातून येत नाहीत. म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, सर्व्हो आणि बॅटरी आपल्याकडच्या ड्रोन-रोबोटिक्सच्या दुकानातून घ्यायची. मुलाची पहिलीच गाडी असेल तर ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी पुरे. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, घेतलीत तर आधी ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) लिपोचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी बंद करायची सोय, आहे का ते बघा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी कायमची खराब होऊ शकते, आणि फुगलेली लिपो घरात ठेवणं धोक्याचं.

बेअरिंग तर अजिबात बाहेरून मागवू नका. बऱ्याच किटमध्ये बेअरिंगच्या जागी साध्या बुश, म्हणजे आत गोळ्या नसलेल्या कड्या, येतात आणि त्या बदलाव्याच लागतात, कारण धूळ शिरली की त्या शाफ्टलाच खातात. परदेशी दुकान ज्याला ११५० म्हणतं ते बेअरिंग आपल्या बाजारात एमआर ११५ म्हणून ओळखतात: आतून ५ मिलिमीटर, बाहेरून ११, जाडी ४. मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर जायचं आणि माप सांगायचं. तुम्ही ठाण्याहून स्लो लोकलने या, मी नेरुळहून हार्बरने येते, उतरायचं दोघांनाही मशीद स्टेशनलाच. ३ मिलिमीटरचे स्क्रू, नट, वॉशर तिथेच घ्या. आमच्याकडे खाडीची खारी हवा आहे, तेव्हा जमलं तर स्टेनलेसचे घ्या. पावसाळ्यानंतर साध्या स्क्रूंवर गंज धरतो. एखादा अॅल्युमिनियमचा भाग करून हवा असेल तर वागळे इस्टेटमधले कारखाने तुमच्या दारातच आहेत आणि आमच्याकडे रबाळ्याचे. मोडलेला तुकडा आणि कॅलिपरने घेतलेली मापं दाखवली की लेथवाला काय ते ओळखतो.

मग बाहेरून काय आणायचं? किट, प्लास्टिकच्या फ्रेम, गिअर, डिफरेन्शियलचे (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) भाग, ड्राइव्ह शाफ्ट आणि बॉडी. हे इथे का मिळत नाही, याचा दोष दुकानदाराला देऊ नये. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, आणि परदेशातला माल असेल तर तिथल्या कारखान्यानेच बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना घ्यायचा. एवढं सगळं सांभाळून कुणी छोटा दुकानदार एका मॉडेलचा एक गिअर वर्षभर फळीवर ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघणार कसा? जो ठेवतो त्याच्याकडून मी दोन पैसे जास्त देऊनही घेते आणि तुम्हीही घ्या.

मागवण्यापूर्वी मापाची खात्री करा, हे पुन्हा सांगते, कारण परदेशातून चुकीचा भाग आला तर परत पाठवण्याचा खर्च भागाहून जास्त. पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) आणि स्पर (त्याला जोडणारा मोठा गिअर) हे याचं उत्तम उदाहरण. दात्यांचं माप जपानी पद्धतीत मॉड्यूलमध्ये आणि अमेरिकन पद्धतीत पिचमध्ये देतात. तामियाच्या बऱ्याच गाड्यांत ०.६ मॉड्यूलचे दाते असतात, आणि अमेरिकन दुकानांत ४८ पिचचे गिअर जास्त दिसतात. ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल. हातात घेऊन फरक कळत नाही, बसवल्यावर गाडी चालतेसुद्धा. फक्त किरकिर आवाज येतो आणि थोड्याच दिवसांत प्लास्टिकचे दाते भुग्यासारखे झडतात. आणखी एक. जपानी किटचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, पद्धतीचे. घरातला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच झिजते. पहिल्याच ऑर्डरमध्ये एक जेआयएस स्क्रू ड्रायव्हर टाका. वर्षानुवर्षं पुरतो.

आता गिफ्ट लिहिण्याबद्दल. यावर माझं मत ठाम आहे आणि ते बदलणार नाही.

डिसेंबर २०१९ मध्येच विदेश व्यापार महासंचालनालयाने पोस्टाने किंवा कुरिअरने येणारा माल भेट म्हणून सोडवून घ्यायला मनाई केली. त्यातून वगळलं ते फक्त जीवरक्षक औषधं आणि राख्या. ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या मालाचा त्या मनाईत नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे गिफ्ट लिहून फायदा होण्याऐवजी पार्सलच अडचणीत येतं. किंमत कमी टाकायची म्हणाल, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांतला १२ वा नियम अधिकाऱ्याला शंका आल्यास लिहिलेली किंमत नाकारण्याचा अधिकार देतो. खोक्यावर मॉडेलचं नाव छापलेलं असतं, आणि त्या मॉडेलची किंमत नेटवर कुणालाही दिसते. किंमत खोटी निघाली तर १९६२ च्या कस्टम कायद्याखाली माल जप्त होऊ शकतो. आणि पार्सल गहाळ झालं तर भरपाई कशावर मिळणार? कागदावर लिहिलेल्या किमतीवर. मुलासाठी आणलेल्या पहिल्या वस्तूच्या कागदावर त्याच्याच घरातल्या माणसाने खोटी किंमत लिहवून घ्यावी, हे तर मला अजिबात पटत नाही.

पैसे वाचवायची खरी जागा वेगळी आहे. ड्युटी फक्त वस्तूवर बसत नाही, वाहतूक आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर बसते. मग ती किंमत आणि ड्युटी यांच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). समजा २,००० रुपयांचे भाग आणि ३,००० रुपये पोस्टेज असेल, तर ड्युटी ५,००० वर. भागांपेक्षा टपालावरचाच कर तुम्ही जास्त भरता. त्यापेक्षा वहीत यादी करत राहा. किट मागवतानाच पुढचे नकल, सस्पेन्शन आर्म, एक-दोन जास्तीचे पिनियन त्यात घाला. हे भाग हलके असतात, पोस्टेज फारसं वाढत नाही. मात्र एकाच भागाचे डझनभर नग मागवू नका, माल व्यापारासाठी आहे असा समज होतो. घरगुती वापराच्या पार्सलवरचा दर बजेटमध्ये बदलू शकतो, म्हणून ज्या आठवड्यात मागवाल त्या आठवड्याचा दर बघून घ्या. आणि पोस्ट की कुरिअर, हा प्रश्न असेल तर घाई नसताना मी पोस्टच निवडते. पोस्टमन दारात ड्युटीची पावती देतो आणि पैसे घेतो. कुरिअर लवकर येतं, पण ओळखपत्राची कागदपत्रं मागतं आणि ड्युटीवर स्वतःचा क्लिअरन्सचा आकार लावतं. लहान पार्सलला तो फार जाचतो.

श्रीमंतांचा छंद, या शेवटच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन की माझ्या ओळखीत सगळ्यात सुरेख गाडी ज्याच्याकडे आहे तो घणसोलीचा मुलगा नोकरी करून रात्री शिकतो. त्याने जुनी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेतली आणि एकेक भाग जमवत ती उभी केली. भागांना नंबर होते म्हणूनच त्याला ते जमलं.

तुमच्या चिरंजीवांसाठी माझं मत असं. गाडी कॉम्प्लेक्समधल्या गुळगुळीत रस्त्यावर चालवणार असेल तर तामियाची टीटी-०२ घ्या. २०१३ पासूनची चेसिस आहे, चारही चाकांना शाफ्टने ताकद जाते, गिअरबॉक्स बंदिस्त आहे आणि भाग भरपूर मिळतात. मैदानातल्या मातीत चालवायची असेल तर ती पोटाला घासेल. तिथे तामियाचीच ग्रासहॉपर किंवा हॉर्नेट बरी. फक्त मागच्या दोन चाकांना ताकद जाणाऱ्या साध्या बग्ग्या आहेत, आठवीतल्या मुलाला मॅन्युअल बघून स्वतः बांधता येतील. या सगळ्यांची मॅन्युअल नेटवर मिळतात. किट मागवण्याआधी मुलाला ते वाचायला द्या आणि शेवटच्या पानांवरून कोणते भाग आधी मोडतील त्याची यादी त्यालाच करू द्या. ती यादी मला पाठवा. त्यातलं काय नागदेवीत मिळेल, काय वागळे इस्टेटमध्ये करून घेता येईल आणि काय जपानहूनच आणावं लागेल, ते मी प्रत्येक भागापुढे लिहून देते.