दहा बाय दहाचा संसार

चित्रं बायको काढते, तंबू मी उभारतो. पहिल्या कामाला कला म्हणतात आणि दुसऱ्याला 'अहो, जरा हात लावता का?'

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठी डिसेंबरात खुलं चित्रप्रदर्शन होतं. जागा म्हणून मिळाला पेव्हर ब्लॉकवर खडूने आखलेला दहा बाय दहा फुटांचा चौकोन. तंबू ज्याचा त्याने आणायचा. आमच्या फोल्डिंग तंबूच्या खोक्यावर एक हसरं जोडपं दोन बोटांनी तो उघडताना दाखवलंय. त्यांना एकदा भेटायचंय मला. चार पायांच्या तंबूला चार माणसं लागतात आणि चौघांनी एकदमच बाहेर ओढायचं असतं. आम्ही दोघं. मी एक कोपरा चढवला की समोरचा साष्टांग दंडवत घालायचा. त्यात पायाच्या खटक्यात बोट सापडलं. माझी हाक तेलंगखेडीच्या मारुतीने नक्की ऐकली असणार.

तेवढ्यात तलावावरून वारा सुटला. पेव्हर ब्लॉकमध्ये खिळा जाईना. शेजारी बांबू उतरवणारा बिछायत केंद्राचा पोरगा बराच वेळ मजा बघत होता.

"काका, काय करून राहिले?"

"तंबू धरून ठेवलाय."

"दिवसभर धरून ठेवता का? पाण्याच्या कॅना बांधा ना बावा पायांले. नाहीतर उडून जाईन."

वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. चार पायांना चार, झाले 80 किलो, वर सुतळीच्या गाठी. त्या पोराने एका हाताने मारलेली गाठ संध्याकाळी मला दातांनीही सुटली नाही. हा पोरगा कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवू शकेल. तिथले लोक त्याला शिकवू शकतील असं मात्र वाटत नाही.

मग जाळ्या, एस-हुक, केबल टाय. एक चित्र सरळ केलं की शेजारचं तिरपं. बायको लांबून एक डोळा मिटून सांगणार, "अर्धा इंच डावीकडे." कुणाच्या डावीकडे, हे अकरा वाजेपर्यंत ठरलं नव्हतं.

आणि स्टॉलचं तोंड दक्षिणेला! नागपूर 21 अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य साधारण 45 अंशांवरच राहतो. म्हणजे सात फूट उंच दारातून ऊन सात फूट आत. जलरंगांना काच लावावी लागते आणि काच त्या उन्हात आरसा होते. एक काकू एका चित्रापुढे चांगल्या रेंगाळल्या. बायको हरखली. काकू केस सारखे करून पुढे गेल्या.

दुपारनंतर एक गृहस्थ आले. त्यांनी सगळं बारकाईने पाहिलं, मागे जाऊनही पाहिलं. म्हणाले, "लई मस्त आहे. केवढ्याला?"

"कुठलं?" बायकोने घाईघाईने पावतीपुस्तक काढलं.

"हा तंबू."

"तो विकायचा नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लावणाऱ्यासकट भाड्याने मिळेल."

गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जेवण आमच्याकडे राहीन का त्यांचं?"