गनडॉगला आधी नुसतं बसायला शिकवा

इकडे इंग्लंडमध्ये उन्हाळा उतरणीला लागला की गनडॉगवाल्यांच्या, म्हणजे शिकारीत बंदूकवाल्यांसोबत काम करणारे कुत्रे पाळणाऱ्यांच्या, ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पडतो. सात-आठ महिन्यांचं पिल्लू, हवेत भिरकावलेली हिरवी डमी (पक्ष्याच्या जागी सरावाला वापरायची गुंडाळी), आणि ती जमिनीवर पडायच्या आत पिल्लू सुसाट. खाली लाल बदामांची रांग. मला ते व्हिडिओ बघवत नाहीत. काही उडालं की पळत सुटायचं, मालकाला विचारायची गरज नाही, हे त्या पिल्लाच्या डोक्यात पक्कं बसवणं चाललेलं असतं.

आपल्या बऱ्याच मंडळींचा गनडॉगशी संबंध आलेला नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. स्पॅनियल जातीच्या कुत्र्याने झुडपांत नाक खुपसून फेझंट (कोंबडीच्या जातकुळीतला शिकारीचा पक्षी) उठवायचा. पक्षी उठला की जागच्या जागी बसायचं. बार झाला, पक्षी पडला तरी बसूनच राहायचं. सांगितलं तरच जायचं आणि पक्षी दात न रुतवता हातात आणून द्यायचा. लॅब्रॅडॉरचं मुख्य काम हे शेवटचं, शोधून आणायचं. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांतले लॅब्रॅडॉर याच घराण्यातले. मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या पाणकुत्र्यांचं, जात घडली ब्रिटनमध्ये, आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली १९०३ साली. (मी स्वतः बंदूक धरत नाही. कुत्रीला घेऊन पडलेले पक्षी गोळा करायला जातो. शिकार बरोबर की चूक यावर भांडायचं असेल तर वेगळी पोस्ट टाकेन, तिथे या.)

पळणं, हुंगणं, तोंडात धरून आणणं हे या कुत्र्यांच्या रक्तातच असतं. त्यासाठी तुमची-माझी गरज नाही. शिकवायचं असतं ते न जाणं.

आणि हा शिस्तीचा दिखाऊ सोस नाही. शॉटगनचा पल्ला जेमतेम ३५-४० यार्ड. स्पॅनियल २० यार्डांच्या आसपास राहून डावी-उजवीकडे शोधत असेल तरच त्याने उठवलेला पक्षी कामाचा. तो ६० यार्ड पुढे गेला तर सगळे पक्षी पल्ल्याबाहेर उठणार. कमी उंचीवरून उडणाऱ्या फेझंटच्या मागे धावला तर कुत्राच बंदुकीच्या रेषेत. फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे गनडॉगच्या कामाच्या स्पर्धेत, हुकमाविना धावलेला कुत्रा तिथेच बाद होतो. त्यात भर मेंढ्यांची. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला ठरावीक परिस्थितीत शेतकऱ्याने गोळी घातली तर कायदा त्याच्या बाजूने असतो.

माझी काळी कॉकर स्पॅनियल, मिरी, सध्या त्या व्हिडिओंतल्या पिल्लांच्याच वयातून जाते आहे. शिट्टीवर थांबण्याची सुरुवात आम्ही जेवणाच्या भांड्यापासून केली. एक लांब शिट्टी, तिने बूड टेकवायचं, मगच भांडं खाली. मग तेच बागेत, मग चालता चालता, मग शेजारून चेंडू घरंगळत जात असताना. शिट्टी मात्र नंबर असलेली घ्या. बर्मिंगहॅमच्या ॲक्मेच्या शिट्ट्यांना २१०.५, २११.५ असे नंबर असतात. हरवली तर त्याच नंबरची दुसरी आणली की सूर तोच.

डमीचा धडा सगळ्यांत कठीण, तिच्यापेक्षा बघणाऱ्यांना जास्त. मी डमी फेकतो, मिरी बसलेली. शेपटीचं टोक गवतावर थरथरतंय, ओठाच्या कडेला लाळेचा धागा, पुढचा एक पाय हळूच उचललेला. मी तिच्या समोरून चालत जातो आणि डमी स्वतः उचलून आणतो. मग पुन्हा फेकतो, पुन्हा स्वतःच आणतो. मधूनच एखादी तिच्या वाट्याला. आमचे ट्रेनर, निवृत्त गेमकीपर (शिकारीचे पक्षी राखणारे), फक्त तिच्या बुडाकडे बघत असतात. वीतभर जरी पुढे सरकली तरी तिला उचलून मूळ जागी ठेवायचं, आरडाओरडा न करता, आणि ती डमी तिला मिळत नाही.

शिट्टीवर शिट्टी फुंकत बसणारे लोक बघितले की मला चीड येते. दहा वेळा वाजवून कुत्रं थांबलं तर ते इतकंच शिकतं की पहिल्या नऊ शिट्ट्या सोडून द्यायच्या. एकदाच वाजवा, नाही थांबलं तर चालत जा आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे परत आणून बसवा. आणि वेळ साधा. वास लागला की स्पॅनियलची शेपटी झपाट्याने हलू लागते, डोकं खाली जातं. शिट्टी तेव्हाच. ससा पळाला आणि मागोमाग कुत्रं सुटलं की तुमच्या खिशातल्या कुठल्याही खाऊला किंमत उरत नाही, कारण पाठलाग हेच त्याचं बक्षीस. म्हणून अर्धवट तयार कुत्रं रानात नेऊच नये. विजेचा झटका देणाऱ्या शॉक कॉलरचा शॉर्टकट सुचवणारेही भेटतात. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. मिरीला यंदा का नेत नाही, चांगली कुत्री फुकट घालवतोयस, असं ओळखीतले दोघे-तिघे ऐकवून गेलेत. यंदा ती कामाला येणार नाही. जानेवारीत एखाद्या दिवशी नेईन, ती पण पट्ट्यावर, बंदुकांपासून बरीच मागे, नुसती बसून बघायला.