सुशेगादची धावपळ

डोंबिवलीचे आमचे भावोजी गोव्यात येतात ते निवांत, सुशेगाद राहायला. हे त्यांनी फोनवरच बजावलेलं असतं. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर वेळापत्रक येतं: सहाला मिरामार, सूर्योदय, आठला मंगेशी, नऊला म्हार्दोळ. बहिणीचे यजमान, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. फोंड्याहून 30 किलोमीटर गाडी हाकत मी त्यांना पहाटे मिरामारला उभं केलं. आपला समुद्र पश्चिमेला. सूर्य उगवला तो पाठीमागच्या माडांतून. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की तो मीच तिकडे नेऊन ठेवला.

सुशेगाद हा शब्द मूळचा पोर्तुगीज, 'सोसेगादो'. म्हणजे शांत, निवांत. 1961 साली पोर्तुगीज गेले, हा कोकणीत राहिला. आमची आजी तो पानावर बसल्यावर काढायची, "सुशेगाद जेव रे!" जिवाला घोर न लावता हातातलं काम करावं, एवढंच तिचं म्हणणं. जाहिरातवाल्यांनी त्याला झोपाळ्यात आडवं केलं आणि अख्खा गोवा झोपलेला ठरला. आता आमचा पोदेर, म्हणजे पाववाला घ्या. रात्री पीठ मळायचं, भट्टी पेटवायची आणि उजाडता उजाडता सायकलला टोपली बांधून पों पों करत दारात हजर. भावोजींनी त्याचे गरमागरम उंडे पाव चार खाल्ले. तोच पोदेर दुपारी ओसरीवर लवंडलेला दिसला, तर म्हणाले, "सुखी लोक बुवा तुम्ही!"

रायबंदरला चोडणची फेरीबोट धक्क्याला लागलेली. भावोजींनी विचारलं, "किती वाजता सुटते?"
"भरली काय सुटता," खलाशी म्हणाला.
"पण वेळ काय?"
खलाशाने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे, आणि शांतपणे बिडी पेटवली. भावोजी तेवढ्यात उरलेली देवळं बोटांवर मोजत होते.

पणजीत त्यांनी एक टी-शर्ट घेतला. छातीवर ठळक अक्षरांत 'सुशेगाद'. घरी येऊन घातला तर पोटावर चढेना. मग काय, बदलायला पुन्हा पणजी. पोचलो तेव्हा अडीच वाजले होते, शटर खाली. चारला उघडेल, मी म्हटलं, तोवर कुठंतरी बसून सोलकढी पिऊ. छे! भावोजी शटर बडवू लागले. तिसऱ्या थापेला वरच्या मजल्यावरची खिडकी किलकिली झाली आणि जांभई देत आवाज आला,
"मागीर!"
"नंतर म्हणजे कधी?" भावोजींनी मला विचारलं. गाडीची सीट मागे करून मी तोवर डोळे मिटले होते.