उत्तर : ‘६० रुपयांच्या बरणीचे ४८० रुपये’ या रिव्ह्यूला

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मँटिस, म्हणजे आपला खंडोबाचा किडा, पाळायची आमची बरणी तुम्ही घेतली आणि तिच्यात तुमचा मँटिस गेला याचं खरंच वाईट वाटलं. तो जिला लटकतो ती झाकणाची जाळी एका कडेनं सुटली होती, तुमच्या फोटोत ते स्पष्ट दिसतंय. ती चूक आमची आहे आणि त्याबद्दल माफी मागतो. झाकणाचं प्लास्टिक गुळगुळीत असतं. त्यावर ग्लू गनचा गोंद घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण नंतर पापुद्र्यासारखा उचलला जातो. म्हणून आधी कड पॉलिश पेपरनं खरबरीत करावी लागते. तुमच्या झाकणाला ते घासणं कमी पडलं.

पण ‘६० रुपयांच्या बरणीला भोकं पाडून ४८० रुपयांना गळ्यात मारली’ हे वाचून फार लागलं. सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं दुकान छोटं आहे आणि नवीन माणूस आधी रिव्ह्यू वाचूनच पायरी चढतो. त्यामुळे यावर सविस्तर लिहावंच लागतंय.

६० रुपयांना मिळते ती दोन लिटरची बरणी. तुम्हाला दिली ती पाच लिटरची, रुंद तोंडाची, आणि ती आम्हालाच ११० रुपयांना पडते. मोठी बरणी दिखाव्यासाठी दिलेली नाही. मँटिस कात टाकताना वर पाय रोवून उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो. त्यासाठी लटकायच्या जागेखाली त्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी मोकळी लागते. तुमचा साडेसहा सेंटीमीटरचा, म्हणजे २० सेंटीमीटर उंची आणि १३ सेंटीमीटर रुंदी. तळाला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, थर दिल्यावर दोन लिटरच्या बरणीत एवढी जागा उरतच नाही. कात टाकताना पाय तळाला किंवा फांदीला टेकले तर ते मऊ असतानाच वाकतात आणि वाकडेच वाळतात. फांदी एकच आणि तिरकी लावलेली असते ती याचसाठी. ‘सजावट कमी आहे’ असं तुम्ही लिहिलंत, पण ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे.

आता भोकं. ती तीन आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. झाकणाचा मधला भाग कापून कडेला फक्त दीड सेंटीमीटर पट्टी ठेवतो आणि जाळी आतल्या बाजूनं लावतो. बाहेरून लावली तर आत गुळगुळीत पट्टी उघडी राहते आणि नेमका तिथेच त्याचा पाय निसटतो. जाळी मच्छरदाणीची, मऊ. लोखंडी जाळी स्वस्त पडते आणि सुटतही नाही, पण तिच्यात पायाची टोकं अडकून झिजतात, म्हणून ती वापरत नाही. दुसरं भोक बाजूला, तळापासून चार बोटं वर, जाळी लावलेलं. खालून हवा आत येते आणि वरून जाते. ते नसेल तर फवारलेलं पाणी आतच कोंडतं आणि आठवड्यात कोकोपीटवर बुरशी धरते. या खिडकीला सिलिकॉन लागतं आणि त्याचा व्हिनेगरसारखा उग्र वास पूर्ण गेल्याशिवाय आम्ही बरणी देत नाही. पार्सल दोन दिवस उशिरा निघालं ते यामुळे, पण तुम्हाला तसं कळवायला हवं होतं, ते राहून गेलं.

तिसरं भोक समोरचं, २५ मिलीमीटरचं, स्पंजच्या बुचाचं. तुमच्याशी बोलायचंय ते याच्याबद्दल. किडा झाकणालाच लटकतो, त्यामुळे झाकण उघडणं म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन उचलणं. खाणं घालायचं, पाणी फवारायचं, सगळं या भोकातून करायचं असतं. तुम्हीच लिहिलंय की ‘चार दिवस काही खात नव्हता म्हणून रोज झाकण उघडून बघत होतो आणि दोन रातकिडे आत सोडून ठेवले’. सर, न खाणं, वर जाऊन गप्प लटकणं, पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगणं ही कात टाकायची लक्षणं आहेत. अशा वेळी आतलं जिवंत खाद्य काढून घ्यायचं, कारण मऊ पडलेल्या मँटिसला रातकिडा कुरतडतो. बरणी हलवायची नाही. फवारा रोजच्यापेक्षा थोडा जास्त, पण बरणीच्या भिंतीवर, किड्याच्या अंगावर नाही. कात टाकल्यावर लहान पिल्लाला एक दिवस आणि एवढ्या मोठ्याला दोन-तीन दिवस खायला द्यायचं नाही. हे सगळं सोबतच्या कागदावर छापलेलं आहे. जाळी सुटली हे कबूल, पण रोज झाकण उघडताना तिच्यावर ताण येत होता, हेही रिव्ह्यूत यायला हवं होतं.

हिशेबच मांडायचा तर बरणी ११०, जाळी १५, फवाऱ्याची बाटली ४०, कोकोपीट आणि स्पंज २५, खोका आणि पॅकिंग ४५, असे २३५ रुपये सामानाचेच झाले. उरलेल्या २४५ मध्ये कापणं, कडा घासून बोथट करणं, चिकटवणं असं दीड तासाचं हातकाम आहे आणि दुकानाचं भाडंही त्यातूनच निघतं. किडे आम्ही विकत नाही, त्यामुळे दुसरीकडून काही सुटत नाही.

यापुढे जाळी नुसती चिकटवणार नाही, झाकणाच्या कडेला बारीक छिद्रं पाडून दोऱ्यानं शिवणारही आहोत. कागदावरची अक्षरंही मोठी करायचं चाललंय.

तुम्हाला शिवलेलं झाकण विनामूल्य देतो. बिल नसलं तरी चालेल, जुनं झाकण घेऊन या किंवा पत्ता कळवा, पार्सल आमच्या खर्चानं पाठवतो. दुसरा मँटिस ठेवायचा असेल तर बरणी आधी कोमट पाण्यानं धुवा, साबण नको, आणि त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन किंवा कॉइल लावू नका, त्या औषधानं मँटिसही मरतो. तासगाव बाजूच्या द्राक्षबागेतले नाकतोडे तर अजिबात घालू नका, बागेवर फवारणी झालेली असते. घरातली चिलटं किंवा स्वतः वाढवलेल्या माश्या चालतील.